पूलचं पाणी हिरवं का होतं? वाचकांचे प्रश्न

ऊन वाढलं की पूलमधली गर्दी वाढते, आणि त्याबरोबर आमच्याकडे शेवाळाबद्दलची पत्रंही. या अंकात त्यातली सहा घेतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे मात्रा १ लाख लिटर पाण्यासाठी समजावी. आपल्या पूलमध्ये किती पाणी मावतं हे माहीत नसेल तर आधी ते काढा: लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करा आणि त्याला १,००० ने गुणा. पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम. त्यामुळे १ लाख लिटर पाण्यात १ पीपीएम क्लोरीन आणायला शुद्ध क्लोरीन लागतो १०० ग्रॅम. म्हणजेच १० टक्क्यांचं लिक्विड हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) १ लिटर, ९० टक्क्यांची टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, क्लोरीनची पावडर किंवा गोळ्या) ११० ग्रॅम, आणि ३० टक्के ताकद उरलेली ब्लीचिंग पावडर साधारण ३३० ग्रॅम.

प्रश्न: आमच्या सोसायटीचा उघडा पूल साडेबारा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी १.२ मीटर खोल आहे. पूलवाला रोज २५० ग्रॅम टीसीसीए टाकतो. किटमध्ये क्लोरीन २ पीपीएम आणि पीएच ७.४ दिसतो. तरीही भिंती बुळबुळीत होतात आणि पाण्यावर हिरवट झाक येते. डबल डोस टाकला की आठवडाभर बरं असतं, मग पुन्हा तेच. माल भेसळीचा असेल का?
— सोसायटीचे सचिव, पुणे

भेसळ असती तर किटमध्ये २ पीपीएम दिसलेच नसते. तुमच्या पत्रात एक आकडा नाही, आणि बहुधा तिथेच पाणी मुरतंय. तो आकडा सायन्युरिक ॲसिडचा. दुकानात याला स्टॅबिलायझर म्हणतात.

टीसीसीएच्या रेणूत क्लोरीन आणि सायन्युरिक ॲसिड दोन्ही असतात. त्यातला क्लोरीन जंतू, घाम आणि ऊन यांवर खर्च होतो. सायन्युरिक ॲसिड मात्र पाण्यातच राहतं. ते उन्हात उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही आणि बाष्पीभवनानेही जात नाही. टीसीसीएतून १० पीपीएम क्लोरीन गेला की त्याच्यासोबत ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पडतं. तुमचा पूल १ लाख २० हजार लिटरचा. रोजच्या २५० ग्रॅममधून सुमारे १.९ पीपीएम क्लोरीन आणि १.१ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पाण्यात जातं. महिन्याला झाले ३४. चार महिन्यांत हा आकडा १३० च्या पुढे जातो. बॅकवॉशमध्ये (उलट्या धारेने फिल्टर धुताना) थोडं पाणी बदलतं, पण त्याने फारसा फरक पडत नाही.

थोडं सायन्युरिक ॲसिड उघड्या पूलला हवंच. ते नसेल तर भर उन्हात पाण्यातला क्लोरीन तासाभरात निम्म्याहून खाली येतो. ते क्लोरीनला सैलसर धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. ३० ते ५० पीपीएम असेल तर हे काम नीट चालतं. १३० झालं की जवळजवळ सगळा क्लोरीन त्याच्या पकडीत राहतो. किट मोकळा आणि पकडीतला असे दोन्ही एकत्रच मोजतं, म्हणून आकडा २ दिसतो. शेवाळाला मारणारा क्लोरीन त्यात नावापुरता असतो. उपयोगी पडणारा नियम असा: क्लोरीन सायन्युरिक ॲसिडच्या किमान साडेसात टक्के असावा. ४० ला ३ पीपीएम, १०० ला साडेसात, १३० ला जवळपास १०. तुम्ही २ वर होता. डबल डोसने पाणी काही दिवस सावरायचं, पण प्रत्येक डबल डोसने सायन्युरिक ॲसिडही वाढायचं.

आधी मोजून खात्री करा. याचं किट वेगळं मिळतं. पूलचं पाणी आणि किटमधलं द्रावण सांगितलेल्या प्रमाणात मिसळलं की पांढरट गढूळपणा येतो. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतत वरून सरळ खाली पाहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं. त्या पातळीवर लिहिलेला आकडा तो तुमचा. हे दिवसाउजेडी, पण स्वतःच्या सावलीत उभं राहून करा. ट्यूबलाइटखाली आकडा चुकतो. नळी थोडी भरताच ठिपका गेला तर आकडा १०० च्या वर आहे. मग पूलचं पाणी नळाच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून पुन्हा मोजा आणि उत्तर दुप्पट करा.

आकडा १३० आला तर पाणी बदलण्याला पर्याय नाही. ४० वर यायला सुमारे ८३ हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे आठ-नऊ टँकर लागतील. हे एकदाच काढून भरणं स्वस्त पडतं. दोन टप्प्यांत, आधी निम्मं आणि मग चाळीस टक्के असं केलं तर १ लाख ८ हजार लिटर पाणी लागेल, कारण दुसऱ्या वेळी काढलेल्या पाण्यात आधी भरलेलं ताजं पाणीही निघून जातं. तळाला फूटभर पाणी राहू द्या. पावसाळ्यात हे काम काढू नका; जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामा पूल खालून उचलला जातो आणि टाइल्स फुगून सुटतात. पाणी काढण्यापूर्वी दोन दिवस डोस बंद ठेवा. किटमध्ये क्लोरीन शून्य दिसला की ते पाणी पार्किंग धुवायला वापरता येतं. नाल्यात किंवा ओढ्यात मात्र सोडू नका.

पाणी भरल्यावर शेवाळ मारायचं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी पीएच ७.२ वर आणा, कारण क्लोरीन १० च्या वर गेला की फेनॉल रेडचा (पीएच मोजायच्या थेंबांचा) रंग खोटा जांभळट येतो आणि पीएच वाचता येत नाही. मग संध्याकाळी, पंप चालू असताना, १० टक्क्यांचं लिक्विड हायपो इनलेटसमोर हळूहळू ओता. सायन्युरिक ॲसिड ४० असेल तर क्लोरीन त्याच्या ४० टक्के, म्हणजे १६ पीपीएम हवा. तुमच्या पूलला त्यासाठी १९ ते २० लिटर हायपो लागेल. भिंती, पायऱ्या, शिडीचे पाइप, लाइटच्या मागची खोबण आणि ओव्हरफ्लो पूल असेल तर बॅलन्स टँक (काठावरून सांडलेलं पाणी जमा होणारी टाकी), हे सगळं ब्रशने घासा. बॅलन्स टँकच्या अंधाऱ्या भिंतीवरचा थर तसाच राहिला तर तिथली घाण रोज पूलमध्ये येत राहते.

दिवसा दर तीन-चार तासांनी क्लोरीन मोजा आणि पुन्हा १६ वर आणा. १० च्या वरच्या क्लोरीनमध्ये डीपीडीचा (क्लोरीन मोजायच्या रसायनाचा) गुलाबी रंग क्षणभर येऊन उडतो आणि नळी कोरी दिसते. पूलवाल्याला वाटतं क्लोरीन संपला, तो आणखी ओततो. म्हणून एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग आरओचं पाणी मिसळून मोजा आणि उत्तराला पाचने गुणा. पंप रात्रंदिवस चालू ठेवा. स्वच्छ फिल्टरवर जो दाब दिसतो त्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश घ्या.

दुसऱ्या दिवशी हिरवं पाणी राखाडी-पांढरं होईल. ही मेलेल्या शेवाळाची रंगछटा आहे. औषध चालत नाही असं समजून बरेच जण नेमकं इथेच थांबतात, आणि उरलेलं शेवाळ आठ दिवसांत परत येतं. तीन गोष्टी एकाच वेळी जमल्याशिवाय थांबू नका: तळ स्वच्छ दिसायला हवा, बांधलेला क्लोरीन (घाम-लघवीतल्या नायट्रोजनशी जोडला गेलेला, सायन्युरिक ॲसिडच्या पकडीतला नव्हे) ०.५ च्या आत हवा, आणि सूर्यास्तानंतर मोजलेला क्लोरीन पहाटे १ पीपीएमपेक्षा जास्त घटलेला नसावा. रात्री ऊन नसतं. तरीही क्लोरीन घटला तर तो खाणारं काहीतरी पाण्यात अजून जिवंत आहे. हे व्हायला बरेच दिवस लागू शकतात. तोवर पूल बंद. क्लोरीन ५ च्या खाली आला की उघडा.

त्यानंतर रोजचा डोस लिक्विड हायपोवर आणा. संध्याकाळी अडीच ते साडेतीन लिटर, आणि क्लोरीन ३ ते ४ च्या दरम्यान. हायपो दहा दिवसांचंच आणा आणि सावलीत ठेवा. उन्हात त्याची ताकद भराभर उतरते. टीसीसीएच्या गोळ्या पूलवाला सुट्टीवर जाईल तेवढ्याच दिवसांसाठी. आणखी एक: टीसीसीए आम्लधर्मी आहे. ती इतके महिने वापरल्यावर पाण्याची अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवण्याची ताकद) घसरलेली असू शकते. ८० च्या खाली असेल तर दर १० पीपीएमसाठी १ लाख लिटरला १.७ किलो खाण्याचा सोडा घाला.

प्रश्न: फार्महाउसच्या पूलमध्ये नवीन बोअरचं पाणी भरलं. भरताना ते काचेसारखं होतं. संध्याकाळी क्लोरीन टाकला आणि सकाळी पाणी हिरवट-तपकिरी. एका रात्रीत इतकं शेवाळ येतं का?
— फार्महाउसचे मालक, कर्जत

एका रात्रीत येत नाही. पाण्यात नाणं टाकून पाहा. तळाचं नाणं स्पष्ट दिसत असेल, भिंत हाताला बुळबुळीत लागत नसेल, तर हा धातूचा रंग आहे. बहुधा लोह. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह दिसत नाही. क्लोरीन लागला की त्याचा गंज होतो आणि तो दिसतो.

खात्री करायची तर पांढऱ्या बादलीत थेट बोअरचं पाणी घ्या आणि त्यात हायपोचे आठ-दहा थेंब टाका. अर्ध्या तासात फिक्या चहासारखा रंग आला तर लोहच. अशा वेळी क्लोरीनचा मोठा डोस टाकलात तर गंज टाइल्सच्या सांध्यांत बसेल आणि निघता निघणार नाही. क्लोरीन १ ते २ वर ठेवा आणि पीएच ७.२ च्या आसपास. २ किलो तुरटी पाण्यात विरघळवून पूलवर सगळीकडे शिंपडा. तासभर पाणी फिरवून पंप बंद करा, रात्रभर गाळ बसू द्या आणि सकाळी व्हॅक्यूमने तो थेट बाहेर काढा. पुढच्या वेळी पाणी भरताना लोह काढणाऱ्या फिल्टरमधून घ्या. भरून झाल्यावरही बाष्पीभवन भरून काढायला तुम्ही रोज तेच पाणी घालणार, त्यामुळे फिल्टर बसवणं परवडेल.

प्रश्न: नगरपालिकेच्या पूलमध्ये ५ लाख लिटर पाणी आहे. पाणी बोअरचं, औषध ब्लीचिंग पावडर. सकाळी पाणी पांढुरकं दिसतं, दुपारनंतर कोपऱ्यांत हिरवे डाग. पीएच ८.२ आहे. पावडर वाढवली तर पांढुरकेपणा वाढतो. तुरटीही टाकून पाहिली, काही बसत नाही.
— पर्यवेक्षक, सोलापूर जिल्हा

तुमच्याकडे तीन गोष्टी एकमेकींना खतपाणी घालताहेत, म्हणून एकच दुरुस्त करून भागणार नाही.

पहिली म्हणजे पीएच. क्लोरीनची मारक शक्ती पीएचवर अवलंबून असते. ७.५ ला पाण्यातला साधारण निम्मा क्लोरीन मारक रूपात असतो, ८ ला पावाहून थोडा कमी आणि साडेआठला जेमतेम दहावा भाग. ८.२ वर तुम्ही टाकलेल्या पावडरीतली बरीचशी फुकट जाते. दुसरी म्हणजे चुना. ब्लीचिंग पावडर चुन्यापासूनच बनते. दख्खनच्या बसाल्टमधलं बोअरचं पाणी मुळात जड असतं आणि त्यात रोज आणखी कॅल्शियम पडतं. पीएच वर असला की ते चुनखडीच्या बारीक कणांच्या रूपात बाहेर येतं. तोच तुमचा पांढुरकेपणा. तिसरी म्हणजे ऊन. ब्लीचिंग पावडरीत सायन्युरिक ॲसिड अजिबात नसतं. सकाळी टाकलेला क्लोरीन दुपारी उरत नाही, आणि डाग दुपारीच दिसतात.

सुरुवात ॲसिडने करा. ३० ते ३३ टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १ लाख लिटरला २ लिटर घातलं तर अल्कलिनिटी सुमारे १० पीपीएमने उतरते आणि पीएचही खाली येतो. तुमच्या पूलला पहिल्या दिवशी ५ लिटर पुरे. बादलीत आधी पाणी घ्या, त्यात ॲसिड ओता. उलट कधीही करू नका. खोल भागात, पंप चालू असताना, कडेने चालत चालत पसरा. चार तासांनी मोजा, गरज असेल तर पुन्हा. पीएच ७.४ च्या आसपास आणायचा आहे. अल्कलिनिटी ३०० च्या घरात असेल तर पीएच परत परत चढेल. तेव्हा ती १०० ते १२० वर येईपर्यंत रोज थोडं थोडं ॲसिड चालू ठेवा.

मग तुरटी. ८.२ पीएचला ती नीट गोळा होत नाही, म्हणून तुमची तुरटी वाया गेली. तुरटीपुरता पीएच आणखी उतरवून ७ ते ७.२ असताना ५ लाख लिटरला १० किलो तुरटी ड्रममध्ये पूर्ण विरघळवा आणि शिंपडा. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह ‘रीसर्क्युलेट’वर (पाणी फिल्टर टाळून फिरेल असा) ठेवून दोन तास पाणी फिरवा. पंप बंद करून १२ तास कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका. सकाळी तळावर मऊ थर दिसेल. व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून स्वीपर अगदी हळू ओढा, घाईने ओढला की थर उठतो आणि रात्रभराचं काम जातं. हा गाळ फिल्टरमधून नेऊ नका.

फिल्टरचं झाकणही एकदा उघडा. वाळूत हात घालून पाहा. बोटं सहज आत गेली पाहिजेत. कडक थर लागला किंवा ढेकळं हाताला आली तर चुन्याने वाळू बांधली गेली आहे. मग पाणी वाळूतून न जाता फटींमधून वाट काढतं आणि गाळण होत नाही. अशी वाळू धुऊन सुधारत नाही, ती बदला.

औषधाच्या बाबतीत शक्य असेल तर लिक्विड हायपोवर या. टेंडर ब्लीचिंग पावडरचंच असेल तर पावडर थेट पूलमध्ये टाकणं आजपासून बंद करा. प्लास्टिकच्या ड्रममध्ये पाण्यात कालवा, तासभर थांबा, वरची निवळी तेवढी पूलमध्ये घाला. खाली बसलेला चुना पूलमध्ये जाता कामा नये. गोण्या बंद आणि कोरड्या ठेवा. उघडी गोणी दमट हवेत काही आठवड्यांतच बरीच कमकुवत होते. डोस सकाळऐवजी संध्याकाळी, पूल बंद झाल्यावर द्या. शेवटी सायन्युरिक ॲसिड ३० पीपीएमवर आणा. तुम्हाला १५ किलो लागेल. ते कापडी पिशव्यांत बांधून इनलेटच्या धारेसमोर लटकवा. विरघळायला दोन-तीन दिवस लागतात. पुण्याच्या सोसायटीत जे जास्त झालं तेच तुमच्याकडे मुळात नव्हतं. एकदा घातलं की पुन्हा घालायची घाई नको, पाणी बरंच बदललं तरच.

प्रश्न: आमच्या बंद छताच्या पूलमध्ये मुलांचे डोळे चुरचुरतात आणि क्लोरीनचा वास येतो. पालक म्हणतात क्लोरीन कमी करा. किट पिवळ्या रंगाचं आहे, त्यात ३ दिसतो.
— पोहण्याच्या क्लासचे चालक, नाशिक

पालकांची काळजी खरी आहे, उपाय उलटा आहे. तो वास मोकळ्या क्लोरीनचा नाही. घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनशी जोडला गेलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, तसा वास मारतो आणि डोळ्यांनाही तोच झोंबतो. तुमचं पिवळं ओटीओ किट मोकळा आणि बांधलेला असा एकूण क्लोरीन दाखवतं. ३ पैकी मोकळा किती हे त्यातून कळत नाही. डीपीडी किट घ्या. पहिल्या गोळीने मोकळा क्लोरीन मिळतो आणि त्याच नळीत तिसऱ्या क्रमांकाची गोळी टाकली की एकूण. समजा एकूण ३ आणि मोकळा १.८ आला. तर बांधलेला १.२. तो मोडायला त्याच्या दहापट, १२ पीपीएम क्लोरीन रात्री एकदम द्यावा लागतो. थोडा थोडा देऊन क्लोरामाइन वाढतातच. त्या रात्री दारं-खिडक्या उघड्या आणि पंखे चालू ठेवा. निघणारा वायू छताखाली अडकला तर परत पाण्यात उतरतो. आणि साबण लावून आंघोळ केल्याशिवाय कोणी पाण्यात उतरणार नाही हा नियम मोठ्यांनाही लावा. क्लोरीनचा निम्मा प्रश्न शॉवरखाली सुटतो.

प्रश्न: आमच्या व्हिलाचा पूल मिठावर चालतो, क्लोरीन लागत नाही. तरी झाडाच्या सावलीतल्या भिंतीवर पिवळसर भुकटी जमते. ब्रश मारला की धुरासारखी उडते, दोन दिवसांत पुन्हा तिथेच. मोरचूद टाकावं का?
— व्हिलाचे व्यवस्थापक, उत्तर गोवा

मिठाच्या पूललाही क्लोरीन लागतोच. तुमचा सेल मिठापासून तो जागेवर बनवतो इतकंच. पाणी ३० अंशांच्या वर गेलं आणि पाहुणे वाढले की सेलचं तेच सेटिंग पुरत नाही.

पिवळसर भुकटी म्हणजे मस्टर्ड शेवाळ. ते सावलीत वाढतं आणि हिरव्या शेवाळापेक्षा चिवट असतं. सायन्युरिक ॲसिड मोजा. ते ५० असेल तर क्लोरीन त्याच्या ६० टक्के, म्हणजे ३० पीपीएमवर पूर्ण २४ तास धरून ठेवायचा. ६० हजार लिटरच्या पूलला १० टक्क्यांचं हायपो १८ लिटर लागेल. हे सेलच्या आवाक्यातलं काम नाही. तो तेवढा वेळ बंद ठेवा. याच काळात स्वीपरचे पाइप, जाळी, ब्रश, फुगवायची खेळणी आणि तरंगते खुर्च्या-पाट पूलमध्येच बुडवून ठेवा, म्हणजे त्यावरचं शेवाळही मरेल. पाहुण्यांचे पोहण्याचे कपडे गरम पाण्यात धुऊन वाळवायला सांगा. लाइटची चौकट उघडून मागे ब्रश मारा. मिठाच्या पूलमध्ये पीएच सतत चढतो, तेव्हा आठवड्यातून दोनदा मोजून ॲसिडने ७.६ च्या आत ठेवा. सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर दिसला तर सौम्य ॲसिडने धुवा, खरवडू नका.

मोरचूद नको. शेवाळ मरतं, पण तांबं पाण्यातून जात नाही. पीएच थोडा चढला की भिंतीवर निळसर-काळे डाग पडतात, आणि पाहुण्यांचे सोनेरी केस हिरवे होतात ते क्लोरीनने नव्हे, या तांब्यानेच.

प्रश्न: पावसाळ्यात पूल चार महिने बंद असतो. पंप बंद ठेवला तर चालेल का? आणि उरलेली टीसीसीए, ब्लीचिंग पावडर एकाच पिंपात भरून ठेवू का? जागा कमी आहे.
— होमस्टे चालक, रत्नागिरी जिल्हा

पूल भरलेलाच ठेवा. रिकामा केला तर पहिल्या उत्तरात सांगितलेला उचलला जाण्याचा धोका कोकणात सर्वांत जास्त. पंप रोज चार तास, क्लोरीन २ ते ३. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी नसल्यासारखीच असते, त्यामुळे मोठ्या पावसानंतर ती मोजा आणि ८० च्या खाली गेली तर सोडा घाला. पानं रोज काढा. हे जमणारच नसेल आणि पूल सोडूनच द्यायचा असेल, तर क्लोरीन पूर्ण थांबवा आणि पाण्यात गप्पी मासे सोडा, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियम हायपो एकत्र आले, त्यात थोडी ओल लागली, की तापून पेट घेतात आणि बंद पिंपात स्फोट होऊ शकतो. एकाचं माप दुसऱ्यात घालणंसुद्धा धोक्याचं. प्रत्येकाचा चमचा वेगळा, डब्याला बांधलेला. ॲसिड कोणत्याही क्लोरीनला लागलं की विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ॲसिड वेगळ्या खोलीत किंवा निदान वेगळ्या भिंतीला, जमिनीवर, ट्रेमध्ये. द्रव पदार्थ पावडरींच्या वरच्या फळीवर कधीही ठेवू नका, कॅन गळला तर खालच्या पावडरीवरच पडणार. रबरी हातमोजे आणि बंद चष्मा त्याच खोलीच्या दाराशी टांगा, आत नाही.